चाल कुणाची?

गणपतीचे दिवस होते. रत्नागिरीत या दिवसांत पाऊस कधी थांबतो आणि कधी सुरू होतो याचा कुणी हिशेब ठेवत नाही. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि ओटीवर सतरंजी पसरून गाण्याची बैठक बसली. घरातल्या नातीने आग्रह करवून न घेता ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे पद म्हटले. पोरीचा गळा अजून कोवळा. पण सुराला सच्चा. पद संपले तेव्हा पागोळ्यांच्या आवाजाखेरीज काही क्षण काहीच ऐकू येईना.

मग एक गृहस्थ म्हणाले, “वा! दीनानाथांचं पद म्हणजे काय!”

शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. ते लगेच सरसावले. “दीनानाथांचं कसं? गायले दीनानाथ. पद तात्याराव सावरकरांचं. इथं आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हाचं.”

दोन पक्ष पडले. कोकणात दोन माणसे बसली की दोन पक्ष पडायचेच. इथे तर पंधरावीस माणसे होती. पेटी वाजवणारे म्हातारे मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांनी भाता मिटला आणि शांतपणे विचारले, “दोघांचंही कबूल. पण चाल कुणाची?”

कुणी बोलेना. तेव्हा मास्तरच म्हणाले, “वझेबुवांची.” आणि जिने ते पद इतके जीव लावून म्हटले होते, ती पोर निरागसपणे म्हणाली, “आजोबा, वझेबुवा कोण?”

तिला त्या रात्री जे उत्तर मिळाले ते दोन वाक्यांचे होते. खरे म्हणजे ते एका सबंध आयुष्याचे उत्तर आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ते सावकाश सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रामकृष्णबुवा वझे आपल्याच मुलखातले. त्यांचा जन्म 1871 साली सावंतवाडी संस्थानातल्या एका लहानशा खेड्यात झाला. हे संस्थान 1948 साली विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सारा भाग रत्नागिरीचाच गणला जात होता. तेव्हा जुन्या रत्नागिरीकरांनी बुवांना ‘आमचे’ म्हटले, तर त्यात फारसे अतिक्रमण नाही.

मूल दहा महिन्यांचे असताना वडील गेले. आईने त्याला उचलले आणि घाट चढून ती कागलला गेली. पोरक्या मुलाने चार अक्षरे शिकून कुठे तरी कारकुनी धरावी, हा त्या काळचा राजमार्ग. पण रामकृष्णाचे चित्त शाळेत रमेना. ते रमत होते गाण्यात. त्या माउलीचे कौतुक असे की, तिने मुलाची पाठ सोलून काढली नाही. त्याला गाणे शिकू दिले. त्या काळी भल्या घरात गाण्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ‘गवई होऊन पोट भरणार का?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला जात असे, आजही विचारला जातो. दोन वर्षे बळवंतराव पोहरे यांच्याकडे आणि पुढे मालवणास विठोबाअण्णा हडप यांच्याकडे त्याचे पहिले शिक्षण झाले.

बाराव्या वर्षी लग्न झाले. आज हे वाचून आपल्या घरातली बारा वर्षांची मुले हसतील. पण तेव्हा ती रीतच होती. लग्नाबरोबर संसाराचा भार आला आणि घरात पैसा नव्हता. मुलाने मनाशी काय विचार केला असेल तो असो; एके दिवशी तो घर सोडून निघाला. वर्तमानपत्रात फोटो देऊन हरवलेल्या मुलांना शोधण्याचा तो काळ नव्हता. पायी चालत तो पुण्याला पोहोचला, तिथून मुंबईला, मग इंदूर, उज्जैन, काशी असा भटकत राहिला. कुठे चार सूर ऐकायला मिळाले की तिथे थांबायचे. पोटाची सोय संपली की पुढचा रस्ता धरायचा.

थोर पुरुषांच्या चरित्रांत असल्या पळून जाण्याचे फार कौतुक असते. मला मात्र मागे राहिलेल्या दोन बायकांचीही आठवण होते. एक आई, जिने पोराच्या गाण्यापायी लोकांचे बोल सोसले. आणि एक बालवधू, जिला ‘तुझा नवरा कुठे आहे?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. आपण आज ज्या चालींवर मान डोलावतो, त्यांची किंमत एकट्या बुवांनी मोजलेली नाही.

ही भटकंती अखेर ग्वाल्हेरला येऊन थांबली. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालगायनाचे माहेर. हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्यातले निसार हुसेन खाँ तिथे होते. त्यांना लोक ‘कोठीवाले’ म्हणत. कोठीत धान्य भरावे तशा चिजा त्यांच्या कंठात भरलेल्या. हे खाँसाहेब मोठे विलक्षण गृहस्थ. राजाश्रय सुटल्यावर ते पंडित घराण्याच्या ब्राह्मण कुटुंबात येऊन राहिले आणि त्या घराचे आचार पाळू लागले. ते गळ्यात जानवे घालीत आणि स्वतःला विनोदाने ‘निसार भट’ म्हणवून घेत, असे सांगतात. धर्माच्या भिंती माणसाने बांधल्या, पण सुराने त्या कधीच जुमानल्या नाहीत, याचा असा जिवंत दाखला दुसरा मिळणे कठीण.

अशा गुरूकडे विद्या मिळणे म्हणजे खडकातून पाणी काढणे. त्या वेळी आजच्यासारखे संगीत विद्यालय, तास, वही, परीक्षा असा प्रकार नव्हता. उस्तादांच्या घरची कामे करावीत, हुक्का भरावा, बाजार आणावा. आणि उस्ताद लहरीत आले की चार ओळी पदरात पडतील म्हणून कान टवकारून बसावे. चीज ही उस्तादांची इस्टेट. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची. परक्याला देताना अस्ताई द्यायची आणि अंतरा पोटात ठेवायचा, हा त्या विद्येचा दस्तूर. परमुलखातून आलेल्या, हाती दमडी नसलेल्या मराठी पोराने अशा ठिकाणी टिकून राहावे, ही गोष्टच मोठी. रामकृष्ण टिकला. नुसता टिकला नाही, तर कोठीतले पुष्कळसे धान्य त्याने आपल्या झोळीत भरून घेतले.

तो महाराष्ट्रात परतला तेव्हा ‘रामकृष्णबुवा’ झाला होता. पुढे बेळगावला त्यांनी बिऱ्हाड केले. त्यांच्या गाण्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे अनवट राग. इतर गवयांनी ज्यांची नावेही बिचकत घ्यावीत असे राग बुवा रोजच्या ओळखीतले असावेत तसे मांडून बसत. खंबावती, बरवा यांसारख्या रागांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही जाणकार जपून ठेवतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लय. त्यांचे गाणे बसून राहणारे नव्हते. ते चालणारे, कधी झेपावणारे होते. तानेत जोम, बोलात ठसका, समेवर येताना असा काही आवेश की ऐकणारा सावरून बसावा.

हा आवेशच त्यांना रंगभूमीकडे घेऊन गेला.

इथे थोडे मागे जाऊन सांगायला हवे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाची गंगा वाहू लागली. सुरुवातीच्या पदांना साक्या, दिंड्या, कीर्तनी चाली असत. सगळ्या घरादाराला त्या म्हणता येत. पुढे 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्याल-ठुमरीचे भारदस्त संगीत रंगमंचावर आणले. पद्धत अशी की, बुवांनी मूळ हिंदुस्थानी चीज सांगायची, नाटककाराने तिच्या वजनाबरहुकूम मराठी शब्द बसवायचे आणि नटाने ती गळ्यात उतरवायची. मात्र हे सारे साधताना मूळ रागाचे सत्त्व जाऊ द्यायचे नाही, शब्दांचा अर्थ मोडायचा नाही आणि पात्राच्या मनःस्थितीशी प्रतारणा करायची नाही. तीन घोड्यांचा हा रथ. एक घोडा जरी उधळला तरी पद पडलेच.

गंधर्व मंडळीला भास्करबुवा लाभले, तसे ‘ललितकलादर्श’ला वझेबुवा लाभले. ही मंडळी 1908 साली हुबळीत स्थापन करणारे केशवराव भोसले हे जातिवंत गायक नट. त्यांचा आवाज उंच, निकोप आणि तडफेचा. बुवांची तालीम त्या आवाजाला मिळाली आणि जणू तलवारीला धार मिळाली. आपल्या चिपळूणचे मामा वरेरकर त्या वेळी ‘ललितकलादर्श’साठी ‘हाच मुलाचा बाप’, ‘संन्याशाचा संसार’ अशी नव्या विषयांची नाटके लिहीत होते. हुंडा, धर्मांतर असले जळते प्रश्न रंगमंचावर येत होते. बालगंधर्वांचे गाणे प्रेक्षकाला कुरवाळी. केशवरावांचे गाणे त्याला हलवून जागे करी. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला, तेव्हा एकाच रंगमंचावर हे दोन ओघ एकत्र आलेले लोकांनी पाहिले. पण दैव पाहा, त्यानंतर तीन महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

ज्या शिष्यावर आपली विद्या उधळावी तोच असा अर्ध्या वाटेवरून निघून गेला, तर गुरूला काय वाटत असेल? बुवा तेव्हा पन्नाशीचे होते. पण ते थांबले नाहीत. बापूराव पेंढारकरांनी ‘ललितकलादर्श’ची धुरा उचलली, आणि बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र यांनाही पुढे बुवांची तालीम मिळाली. एका घराच्या दोन पिढ्यांना एका गुरूचे सूर मिळाले.

आणि मग आले दीनानाथ मंगेशकर. गोव्यातल्या मंगेशीचा हा मुलगा 1918 साली, ऐन सतराव्या-अठराव्या वर्षी, सहकाऱ्यांसह ‘बळवंत संगीत मंडळी’ काढून बसला होता. गळा असा की वीज नाचावी. एका सप्तकातून दुसऱ्यात तो कधी झेप घेईल याचा नेम नसे. अशा गळ्याला वझेबुवांसारखाच चालकार हवा होता. 1927 साली वीर वामनराव जोश्यांचे ‘रणदुंदुभी’ रंगमंचावर आले. त्यातली ‘परवशता पाश दैवे’, ‘दिव्य स्वातंत्र्य रवि’ आणि ‘जगी हा खास वेड्यांचा’ ही पदे त्या पारतंत्र्याच्या काळात गावोगाव गेली. सभेत बोलायला बंदी असे. पण नाटकाच्या पदाला टाळ्या वाजवायला पोलिसांना आडकाठी करता येत नसे. वामनरावांनी शब्द दिले, दीनानाथांनी गळा दिला. पण त्या शब्दांच्या अंगात जो रणवाद्याचा ठेका संचारला तो बुवांचा.

आता आपल्या गावाकडे यावे. 1924 च्या जानेवारीपासून 1937 च्या मे महिन्यापर्यंत सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा सरकारच्या अटी. याच मुक्कामात त्यांनी ‘संन्यस्त खड्ग’ लिहिले. बुद्धकाळातली कथा, शस्त्र टाकावे की धरावे हा तिच्यातला वाद. त्या वादात कुणाचे काय मत असेल ते असो. तो निकाल लावण्याची ही जागा नव्हे. 18 सप्टेंबर 1931 रोजी ‘बळवंत’ने त्याचा पहिला प्रयोग मुंबईत केला. नाटककाराला हद्द ओलांडायची परवानगी नव्हती. आपले शब्द त्या रात्री रंगमंचावरून कसे ऐकू आले असतील, याची रत्नागिरीत बसून त्याने कल्पनाच करायची होती.

या नाटकाच्या चाली वझेबुवांच्या. ते तेव्हा साठीला टेकलेले होते. ‘शतजन्म शोधिताना’, ‘सुकतातचि जगी या’, आणि आमच्या ओटीवर त्या पोरीने म्हटलेले ‘मर्मबंधातली ठेव ही’. हे शेवटचे पद पटदीपातले. ‘रणदुंदुभी’ची गर्जना करणारे बुवा इथे किती हळुवार झाले आहेत, ते नीट ऐकावे. एखादी पेटी उघडून आत जपलेली वस्तू दाखवावी आणि चटकन झाकण लावावे, तशी ती चाल आहे. साठ वर्षांच्या, कडक लयीच्या म्हणून गाजलेल्या गवयाच्या आत हे मार्दव कुठे दडून बसले होते? मला वाटते, काही माणसे आपले मन बोलून दाखवीत नाहीत. ती चाल लावतात.

वाचक म्हणतील, एवढे सगळे करूनही माणूस विस्मृतीत कसा जातो? याचे कारण गाण्याच्या धंद्यातच आहे, आणि ते आपल्याकडेच आहे असेही नाही. तिकडे अमेरिकेत ओटिस ब्लॅकवेल नावाचा एक कृष्णवर्णीय गायक आणि गीतकार होऊन गेला. 1956 साली एल्विस प्रेस्लीच्या ज्या गाण्याने सारी तरुण पिढी वेडी केली, ते ‘डोन्ट बी क्रुएल’ या ब्लॅकवेलने लिहिलेले आणि चाल लावलेले. गाणे कसे म्हणायचे हे दाखवण्यासाठी तो आधी स्वतःच्या आवाजात नमुन्याची तबकडी करून देई. जगाने प्रेस्लीला डोक्यावर घेतले. ब्लॅकवेलचे नाव तबकडीच्या कागदावर बारीक अक्षरात राहिले. न्यूयॉर्क असो वा बेळगाव, तऱ्हा एकच. लोक पालखीला नमस्कार करतात. भोयांची नावे कोण विचारतो?

शिवाय दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत गेल्या. लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात गायक ऐकू येतो. त्याच्यामागे महिनोन्‌महिने बसलेली तालीम ऐकू येत नाही. बुवांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका आहेत त्या थोड्या, आणि त्या शास्त्रीय गायनाच्या. त्यामुळे ज्यांना नाट्यपद आवडते त्यांना बुवा माहीत नाहीत, आणि ज्यांना बुवा माहीत आहेत ते नाट्यपदाला जरा खालच्या पाटावर बसवतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी बुवांची स्थिती झाली.

पण बुवांच्या हातून आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते तीच त्यांच्या आयुष्याची सर्वांत मोठी तान आहे. उतारवयात त्यांनी ‘संगीत कला प्रकाश’ नावाचे पुस्तक दोन भागांत प्रसिद्ध केले. त्यात चिजा दिल्या, त्यांचे स्वरलेखन दिले, आणि आपली जीवनकथाही सांगितली. ज्या चिजांसाठी त्यांनी घर सोडले, उन्हातान्हात पायपीट केली, दुसऱ्याच्या घरी पडेल ते काम केले, त्याच चिजा त्यांनी छापून कुणाही येऱ्यागबाळ्याच्या हाती दिल्या. अंतरा पोटात ठेवायचा दस्तूर त्यांनी मोडला. आपण जे भोगले ते पुढच्याने भोगू नये, असे मनात आल्याशिवाय माणूस हे करीत नाही. पुष्कळांचे उलट असते. आपण हाल सोसले म्हणजे दुसऱ्यानेही सोसलेच पाहिजेत, असे मानणारी सासू आणि असे मानणारा उस्ताद यांत फरक नाही. बुवांनी ती सासुरवासाची साखळी तोडली.

त्यांचे शिष्यही त्याच वृत्तीने चहूकडे पसरले. गजाननराव जोशी, गुरुराव देशपांडे, हरिभाऊ घांग्रेकर, भार्गवराम आचरेकर ही नावे गाण्यातल्या लोकांना सांगायला नकोत. कोणी व्हायोलिनवर, कोणी मैफलीत, कोणी रंगमंचावर बुवांची विद्या नेली. चिरंजीव शिवरामबुवांनीही ती पुढे चालवली. दीनानाथ 1942 साली गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, स्वातंत्र्याचा दिवस उगवण्यापूर्वी, बुवांनीही देह ठेवला. ‘परवशता पाश दैवे’ला चाल लावणाऱ्याला तो पाश तुटलेला पाहायला मिळाला नाही.

आज रत्नागिरीत संगीत नाटक अगदीच मावळलेले नाही. स्पर्धा होतात, ‘खल्वायन’सारख्या संस्थेने जुनी-नवी संगीत नाटके हौसेने उभी केली. आरतीनंतर ओटीवर अजून पेटी निघते. आणि ज्या मुलखातून दहा महिन्यांचे एक पोरके मूल आईच्या कडेवर बसून घाटावर गेले, त्याच मुलखात त्याच्या चाली परत आल्या आहेत. फक्त नाव वाटेत कुठे तरी गळून पडले आहे.

त्या रात्री मास्तरांनी भाता पुन्हा उघडला आणि पोरीला म्हणाले, “बाळ, परत एकदा म्हण बघू. पण आधी तिघांची नावं घे.”

तिने हात जोडले आणि नावे घेतली. पदकर्त्याचे, गायकाचे, आणि मग जरा थांबून, नुकतेच शिकलेले तिसरे. मग तिने सूर लावला. बाहेर पाऊस कमी झाला होता. या दिवाळीत आपल्या घरी कुणी हे पद म्हटले, तर वाचकहो, आपणही एवढे करावे. गाणे संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात. आणि टाळ्या संपल्यावर हळूच विचारावे, चाल कुणाची?